धाडस, नशीब वगैरे...

विमानातून उडी मारणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे दोनच मतं असतात. पहिलं, "वेड लागलंय का? घरी आईबाप आहेत की नाही?" आणि दुसरं, "काय ती हिंमत! मानलं बुवा!" पहिलं मत घरातल्यांचं असतं आणि दुसरं शेजाऱ्यांचं. (उडी मारणारा आपल्या घरातला नसला की हिंमतीचं कौतुक करायला पैसे पडत नाहीत.) मला विचाराल तर दोन्ही मतं सारखीच आळशी आहेत. हे लोक नेमकं करतात काय आणि कसं करतात, हा साधा प्रश्न दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला कसा, ते आधी सांगते. माझ्या भाच्याची मुलगी अमेरिकेत फिनिक्सला नोकरी करते. शनिवार-रविवारी ती तासाभरावरच्या एलॉय नावाच्या गावी जाते आणि विमानातून उड्या मारते. स्कायडायव्हिंग म्हणतात त्याला. तीनशेच्या वर उड्या झाल्या आहेत तिच्या. हे घरात कळल्यापासून मला नाशिक, डोंबिवली आणि सांगलीहून फोन येताहेत. सूर एकच : "आत्या, ती तुझं ऐकते. तू शिक्षिका. तूच समजाव तिला."

मी समजावणार नाही. का, ते इथं लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगायला नको. (हा ब्लॉग निम्म्याहून अधिक नातेवाईकच वाचतात हे मला पक्कं ठाऊक आहे. प्रतिक्रिया देत नाहीत, ती गोष्ट वेगळी!)

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी.ए.पर्यंत. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे यंत्र-तंत्रातलं मला काही कळत नाही असं पोरीला वाटलं असावं. पण तिनं व्हिडिओवर सगळं सामान जमिनीवर पसरून दाखवलं आणि मी पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी प्रश्न विचारत बसले. जे कळलं ते असं.

साधारण तेरा हजार फुटांवर विमानातून बाहेर पडायचं. पोट खाली करून पडलं तर वेग ताशी एकशे नव्वद किलोमीटरच्या आसपास जाऊन स्थिरावतो. मिनिटभर असं पडत यायचं आणि ठरलेल्या उंचीवर पॅराशूट उघडायचं. पाठीवरच्या पिशवीत पॅराशूट एक नसतं, दोन असतात. मुख्य पॅराशूट आपलं आपण घडी घालून भरलं तरी चालतं. राखीव मात्र नाही! अमेरिकेत ते सरकारी परवाना असलेल्या रिगरनंच भरायचं, त्यावर सील लावायचं, आणि एकदाही वापरलं नसलं तरी १८० दिवसांच्या आत उलगडून, तपासून पुन्हा भरून घ्यायचं. तारीख उलटली की त्या पिशवीनं उडी नाही.

मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर काय? उजवीकडचं हँडल ओढून ते आधी सोडून द्यायचं आणि मग डावीकडचं ओढून राखीव उघडायचं. सोडून कशाला द्यायचं? दोन्ही एकमेकांत गुंतू नयेत म्हणून. हे सोडून देणं पूर्वी अवघड काम होतं. बिल बूथ नावाच्या अमेरिकन माणसानं १९७० च्या दशकात त्यावर तीन कड्यांची युक्ती काढली. मोठ्या कड्यात मधलं, मधल्यात लहान, आणि लहान कड्याला दोरीचा बारीकसा फास. प्रत्येक कडं तरफेचं काम करतं, त्यामुळे माणसाचा सगळा भार शेवटी एका दोरीच्या फासावर पेलला जातो. फास सुटला की तिन्ही कडी आपोआप सुटतात. सातवीतल्या मुलांना तरफ शिकवताना आमचे विज्ञानाचे सर कायम अडकित्ता दाखवायचे. हे उदाहरण मिळालं असतं तर वर्गातल्या एकाही पोरानं खिडकीबाहेर पाहिलं नसतं.

आणि माणूस बेशुद्ध पडला, किंवा उंचीचं भानच राहिलं नाही तर? त्यालाही उत्तर आहे. हेल्मुट क्लोथ या जर्मन माणसाचा मित्र १९८६ मध्ये अशाच अपघातात गेला. क्लोथ काही वर्षं त्या एकाच प्रश्नामागे लागला आणि १९९१ मध्ये त्यानं सायप्रस नावाचं यंत्र बाजारात आणलं. साधारण साडेसातशे फुटांवर माणूस अजून त्याच वेगानं खाली येतोय असं दिसलं, की ते यंत्र राखीव पॅराशूटचा बंद स्वतःच कापतं. मित्राच्या तेराव्याला "वेळ आली होती त्याची" असं म्हणून क्लोथ घरी बसला असता तर?

आता शिक्षणाचं. पहिल्या उडीआधी जमिनीवर तासन्‌तास वर्ग असतो. मग दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून उडी मारतात, एकेक पायरी पार केली की पुढची. परवाने चार आहेत : ए ला किमान २५ उड्या, बी ला ५०, सी ला २०० आणि डी ला ५००. नुसती संख्या चालत नाही, परीक्षा आणि ठरलेली कौशल्यंही लागतात. ए वाल्यांनी तीन हजार फुटांच्या खाली येण्याआधी पॅराशूट उघडायचं, बी, सी आणि डी वाल्यांनी अडीच हजारांच्या आधी. पंखांचा तो झगा घालून तरंगायचं असेल तर आधी २०० उड्या दाखवा.

आणि एक गोष्ट ऐकून तर मला फार बरं वाटलं. ही मंडळी पाठांतर करतात! विमानात बसल्यावर हँडलांना हात लावून क्रम म्हणतात : हे बघ, हे धर, हे ओढ. पहिल्या उडीला म्हणतात तसंच तीनशेव्या उडीलाही. कारण वर विचार करायला वेळ नसतो, हजार फूट पडायला सहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. गेली वीस वर्षं पाठांतराला नावं ठेवणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांना एकदा या विमानात बसवायला हवं.

शिवाय एकमेकांच्या पाठीवरच्या पिना तपासणं, वारा वाढला म्हणून हजारो उड्या झालेल्या माणसानंही जमिनीवर बसून राहणं, विमानात बसून वर जाऊन मन लागलं नाही तर न उडता तसंच परत येणं, यात कुणाला कमीपणा वाटू नये अशी त्यांची शिकवण आहे. कुणी पहिल्यांदा काही नवीन केलं की त्यानं संध्याकाळी सगळ्यांना बिअर पाजायची. (आपण पेढे वाटतो, ते बिअर. असो. दिवसाची शेवटची उडी झाल्याशिवाय बाटली उघडत नाहीत, हे मी खोदून विचारून घेतलंय.) त्यांच्यातलं कुणी गेलं तर मित्र त्याची राख बरोबर घेऊन उडी मारतात आणि आकाशातच सोडतात.

इथवर वाचून कुणी म्हणेल, आत्या भाळली! थांबा, खरा मुद्दा आता येतोय.

अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नोंदींनुसार १९७० च्या दशकात तिथं या खेळात दरवर्षी सरासरी चाळीसहून जास्त माणसं मरत होती. २०२३ मध्ये साडेछत्तीस लाख उड्यांमागे १० मृत्यू झाले, २०२४ मध्ये सुमारे ३८ लाख ८० हजार उड्यांमागे ९. हे कशामुळे घडलं? सामान सुधारलं हे एक कारण. पण सामान कुठं सुधारायचं हे कळलं कशावरून? लिहून ठेवल्यावरून! अपघात झाला की त्याची नोंद होते आणि ती संघटनेच्या मासिकात छापून येते. गेलेल्याचं नाव नसतं. त्याच्या किती उड्या झाल्या होत्या, पॅराशूट कोणतं होतं, वारा कसा होता, कुठल्या उंचीवर त्यानं काय केलं आणि काय करायचं राहिलं, ते सगळं असतं. पोरीनं मला अशा दोन-तीन नोंदी वाचून दाखवल्या. भाषा अगदी कोरडी. त्यात "दुर्दैवी" हा शब्द नाही, "काळानं घाला घातला" नाही, "नियतीच्या मनात" तर नाहीच नाही. १९९७ पासून दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला ही मंडळी एक सुरक्षा दिवस पाळतात आणि असल्या नोंदी समोर ठेवून चर्चा करतात.

आणि आपण?

मी ज्या शाळांत नोकरी केली त्यातल्या एका शाळेची सहल एका धरणावर गेली होती. आठवीतला एक मुलगा बुडाला. मी त्या सहलीला नव्हते, पण तो माझ्या वर्गातला होता. शाळेत शोकसभा झाली, दोन मिनिटं उभे राहिलो, वर्तमानपत्रात "दुर्दैवी मृत्यू" अशी बातमी आली. मी कार्यालयात जाऊन म्हटलं, नेमकं काय झालं ते आपण सविस्तर लिहून ठेवू या. किती मुलांमागे किती शिक्षक होते, पाण्यात उतरायला कुणी सांगितलं, दोर होता का, पोहता येणारा मोठा माणूस कुठे उभा होता. उत्तर मिळालं, "बाई, जखम कशाला उकरता? त्या माउलीला काय वाटेल?" दोन वर्षं सहली बंद राहिल्या. तिसऱ्या वर्षी सहल निघाली. दुसऱ्या धरणावर. दोर नव्हताच.

त्या माउलीला काय वाटलं असतं ते मला माहीत आहे, कारण ती मला पुढे बाजारात भेटायची. तिला एकच विचारायचं असायचं : "बाई, झालं काय नक्की?" तिला कुणी सांगू शकलं नाही, कारण कुणी लिहिलंच नव्हतं.

म्हणून मला राग येतो मंडळी, जेव्हा या पोरांना कुणी जिवावर उदार वगैरे म्हणतं. जिवावर उदार तर आपण आहोत, तेही दुसऱ्याच्या! वर त्याला नशीब म्हणून मोकळे होतो. नशिबाची एक सोय असते, ते कुणाला जाब विचारत नाही आणि पुढच्या वर्षी दोर घेऊन जायला सांगत नाही.

आता दुसऱ्या बाजूला वळते, कारण या खेळातल्या लोकांशीही माझं भांडण आहे.

"उडी मारण्यापेक्षा गाडीनं विमानतळावर जाणं जास्त धोक्याचं," हे त्यांचं आवडतं वाक्य. पोरीनंही मला ऐकवलं. मी म्हटलं, थांब, त्रैराशिक मांडू. २०२४ चा हिशेब घेतला तर साधारण चार लाख तीस हजार उड्यांमागे एक मृत्यू. ऐकायला फारच छान. पण तू वर्षाला एकच उडी मारतेस का? तू दोनशे मारतेस. म्हणजे तुझ्यासारख्या दोन हजारांहून थोड्या अधिक लोकांत वर्षाला एक. आपल्या भारतातल्या रस्त्यांवर २०२२ मध्ये १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. एकशे चाळीस कोटींत भागलं तर आठ हजारांहून थोड्या अधिक लोकांत एक. म्हणजे आपल्या रस्त्यांसारख्या रस्त्यांपेक्षाही तुझी हौस तिप्पट-चौपट धोक्याची! तेव्हा ते वाक्य पुन्हा उच्चारायचं नाही. धोका आहे असं म्हण, तो किती आहे ते सांग आणि मग उडी मार.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तुम्हाला वाटत असेल की मरतात ते नवशिके, पॅराशूट न उघडल्यामुळे. तसेही मरतात. पण गेल्या काही दशकांच्या नोंदींत मृत्यूचं एक मोठं कारण वेगळंच दिसतं : पॅराशूट छान उघडलेलं असतं, काही बिघडलेलं नसतं, आणि माणूस उतरताना मरतो. त्यात अनुभवी लोक बरेच असतात. कारण अनुभव आला की लहान पॅराशूट घ्यावंसं वाटतं. लहान पॅराशूट वेगवान. जमिनीजवळ त्याला जोरात वळवलं की ते झेपावतं, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो आणि मग जमिनीला घासून सुसाट तरंगत जाता येतं. दिसतं फार देखणं. पण वळण थोडं खाली सुरू झालं तर सावरायला उंचीच उरत नाही. ज्या बिल बूथनं तीन कडी शोधली त्यानंच हेही बोलून दाखवलंय, की सामान जितकं सुरक्षित होईल तितका जास्त धोका हे लोक पत्करतील. त्याच्या या म्हणण्याला ती मंडळी बूथचा नियमच म्हणतात. स्वतःच्या शोधाबद्दल इतकं परखड बोलणारा माणूस मला आवडला.

आणि नियम कागदावर असले म्हणजे सगळं झालं असंही नाही. कॅलिफोर्नियात लोडाय इथं २०१६ मध्ये पहिल्यांदाच उडी मारायला आलेला अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याला बांधून घेऊन उडणारा प्रशिक्षक, दोघंही गेले. त्या प्रशिक्षकाचं प्रशिक्षण रीतसर झालेलं नव्हतं. ज्यानं ते दिलं त्याचा अधिकार काढून घेतलेला होता आणि कागदावर सही दुसऱ्याची होती. २०२४ मध्ये न्यायालयात त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा सिद्ध झाला. खोट्या सह्या काही आपल्याच सरकारी कचेऱ्यांत होतात असं नाही. पण तो प्रकार बाहेर आला, त्याच्या हाताखालून गेलेल्या इतर प्रशिक्षकांची तपासणी झाली. लिहिलेला कागद होता म्हणूनच खोटा कागद पकडता आला ना?

आपल्याकडेही हा खेळ येऊ घातलाय. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं हवाई क्रीडांचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, त्यात स्कायडायव्हिंग आहे. मला भीती वाटते ती ही, की आपण विमान आणू, पॅराशूट आणू, उद्घाटनाला मंत्री आणू आणि अपघाताची वही तेवढी आणायची विसरू. आपली पुण्याची शीतल महाजन २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उतरली, २०११ मध्ये तिला पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये तिनं थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. आपण सगळ्यांनी नऊवारीचे फोटो एकमेकांना पाठवले. मला मात्र वाचायचं होतं की त्या साडीवरून पट्टे कसे आवळले, पदर आणि काष्टा उडून हँडलावर येऊ नये म्हणून काय केलं. तेच तर तिचं खरं कसब! ते मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हतं.

तर नाशिक, डोंबिवली आणि सांगलीकरांनो, तुम्हाला काळजी वाटते हे मला कळतं. मलाही वाटते. शनिवारी रात्री तिकडचा दिवस सुरू झाला की मी फोन उशाशी घेऊन झोपते. पण काळजी करायची तर नीट करा. "कशाला उड्या मारतेस?" या प्रश्नानं तिच्या पाठीवरची एक पीनही घट्ट होत नाही. तिला विचारा, राखीव पॅराशूट शेवटचं कधी भरलं, तारीख सांग. विमानात चढण्याआधी तुझी पाठ कुणी तपासली? आत्ताच्या पॅराशूटवर किती उड्या झाल्या? ती चिडणार नाही. उलट घरच्यांपैकी कुणीतरी मुद्द्याचं विचारलं म्हणून तासभर बोलत बसेल, बघा.

मी तिच्याशी एकाच गोष्टीवरून भांडते आहे, तीही सांगून टाकते. माणूस आणि सामान मिळून पौंडांत जे वजन होतं त्याला पॅराशूटच्या चौरस फुटांनी भागायचं, असा त्यांचा हिशेब आहे. उत्तर जितकं मोठं तितका वेग जास्त. ती सामानासकट १६५ पौंड भरते. सध्या तिचं पॅराशूट १५० चौरस फुटांचं आहे, म्हणजे उत्तर १.१. आता तिला एकदम १२० चं घ्यायचंय, सोबतच्या दोघांनी घेतलं म्हणून. म्हणजे जवळजवळ १.४. मधला १३५ का गाळतेस, असं मी विचारलं. वर्गात पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहिणाऱ्या पोरांना मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत, आणि तिथं तर वही जमिनीवर आहे, असं लिहून पाठवलं.

"आत्याआजी, विचार करते," एवढंच उत्तर आलंय. तुम्हीही तिला तेच विचारा. तिच्याशी बोलायचं असेल तर १३५ हा आकडा पाठ करून मगच फोन करा.

आणि खाली प्रतिक्रिया लिहा की कधीतरी!